निसर्गदृश्य छायाचित्रांचे संस्करण

डोंगर, समुद्र, अरण्य, आकाश यांसारख्या निसर्गदृश्यांचे छायाचित्र घेतल्यानंतर त्यातील उजेड, छाया, रंग व रेखीवपणा यांत हेतुपूर्वक बदल करून फिक्या किंवा निर्जीव वाटणाऱ्या प्रतिमेला उठाव आणण्याच्या प्रक्रियेस छायाचित्राचे संस्करण म्हणतात. हे काम आज बहुधा संगणकावर केले जाते. तथापि ते संगणकाबरोबर जन्मास आलेले नाही. छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाल्यानंतर वीस वर्षांच्या आतच ते सुरू झाले होते आणि आजच्या संगणकीय साधनांपैकी बहुतेकांची मुळे अंधारखोलीतील जुन्या युक्त्यांत सापडतात. डोळ्यांनी पाहिलेले दृश्य परत मिळविणे कोठे संपते व कधीच न पाहिलेले दृश्य रचणे कोठे सुरू होते, हा प्रश्नही या तंत्राइतकाच जुना आहे.

निष्प्रभतेची कारणे : प्रत्यक्षात भव्य वाटलेले दृश्य छायाचित्रात सपाट दिसते, याला परस्परविरुद्ध अशी दोन कारणे आहेत. पहिले कारण प्रकाशाच्या मोठ्या विस्ताराचे. भर उन्हातील ढग व झाडाखालची गडद सावली यांच्या दीप्तींचे गुणोत्तर हजारास एक किंवा त्याहूनही अधिक असू शकते. मनुष्याची दृष्टी आकाशाकडे व सावलीकडे आळीपाळीने जुळवून घेते आणि दोन्हींतील तपशील मेंदूत एकत्र येतात. कॅमेऱ्याला मात्र संपूर्ण दृश्यासाठी सर्वसाधारणपणे एकच उद्भासन (प्रकाशग्राही पृष्ठावर ठराविक काळ प्रकाश पडू देणे) निवडावे लागते. आणि छापील कागदावरील शुभ्र व काळ्या छटांचे गुणोत्तर शंभरास एक याच्या आसपासच राहते. परिणामी एक तर आकाश कोरे पडते किंवा जमीन काळवंडते.

दुसरे कारण याच्या उलट, म्हणजे विस्तार अतिशय कमी असण्याचे. ढगाळ हवेत सावल्या पुसट होतात. दूरच्या डोंगरांकडून येणारा प्रकाश वाटेतील हवेचे रेणू, धूळ व जलबिंदू यांमुळे क्षीण होतो आणि त्यांनी विखुरलेला प्रकाश त्यात मिसळतो. त्यामुळे काळ्या छटा करड्या होतात, रंग निळसर व फिके पडतात. अंतराबरोबर वस्तूचा उठाव कसा घटतो याचा नियम जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ट कोशमीडर यांनी १९२४ मध्ये मांडला. निसर्गदृश्याच्या संस्करणाचे सर्व तंत्र या दोन अडचणींभोवती फिरते : विस्तार मोठा असेल तर तो दाबणे आणि लहान असेल तर तो ताणणे. जेथे आकाश पूर्णपणे कोरे पडले आहे, तेथे मात्र माहितीच नोंदली गेलेली नसते; ती कोणत्याही उपायाने परत मिळत नाही, फक्त दुसरीकडून आणता येते. संस्करण व बनावट यांमधील वादाचे मूळ या भौतिक मर्यादेत आहे.

प्रारंभीचे प्रयत्न : फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेवरील थर निळ्या व जंबुपार प्रकाशास फार संवेदनशील, तर हिरव्या व तांबड्या प्रकाशास जवळजवळ अंध होता. झाडी व जमीन उमटेपर्यंत निळे आकाश निगेटिव्हवर इतके दाट होई की, छपाईत ते कोऱ्या कागदासारखे दिसे. फ्रेंच छायाचित्रकार ईपॉलीत बायार (१८०१–८७) यांनी १८५२ मध्ये ढगांसाठी वेगळी निगेटिव्ह वापरण्याचे सुचविले. ग्यूस्ताव्ह ल ग्रे (१८२०–८४) यांनी ही कल्पना सागरदृश्यांत अत्यंत कौशल्याने राबविली. १८५७ मधील ‘द ग्रेट वेव्ह, सेट’ या त्यांच्या प्रसिद्ध चित्रात समुद्र व आकाश यांच्या दोन स्वतंत्र निगेटिव्ह क्षितिजरेषेवर जोडलेल्या आहेत. सांधा लपविण्यासाठी क्षितिजाइतकी सोयीची रेषा दुसरी नाही. एकच आकाश त्यांनी एकाहून अधिक समुद्रांवर वापरल्याचेही आढळते. १८५६ मधील गलबताच्या चित्रात त्यांनी जोडकाम केले नव्हते. परंतु ढगाआडच्या सूर्याकडे रोखून घेतलेले ते चित्र इतके गडद छापले की, प्रेक्षकांनी ते चांदण्यातील मानले. जोडकाम न करताही केवळ छटा बदलून दिवसाची रात्र करता येते, हे त्यातून दिसून आले.

ऑस्कर रेजलँडर यांनी १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक रूपकात्मक चित्र तयार केले. हेन्री पीच रॉबिन्सन (१८३०–१९०१) यांनी १८६९ मधील आपल्या ग्रंथात या संयुक्त छपाईचे शास्त्रच मांडले. ढगांच्या निगेटिव्हचा संग्रह बाळगणे ही पुढे अनेक व्यावसायिकांची नित्याची पद्धत झाली. अमेरिकेत कार्लटन वॉटकिन्स यांच्या १८६१ मधील योसेमिटीच्या चित्रांत आकाश बहुधा रिकामे आहे. एडवर्ड मायब्रिज (१८३०–१९०४) यांनी १८६९ मध्ये काचेच्या वरच्या भागावर कमी वेळ प्रकाश पडावा यासाठी एक आकाश-झडप तयार केली. शिवाय जरूर तेथे इतर निगेटिव्हमधील ढगही छापले. चित्र घेतानाच प्रकाश आवरणे व घेतल्यानंतर भर घालणे हे दोन्ही मार्ग एकाच छायाचित्रकाराने वापरल्याचे हे लक्षणीय उदाहरण होय.

या प्रथेस पीटर हेन्री एमर्सन (१८५६–१९३६) यांनी १८८९ मधील आपल्या ग्रंथात कडाडून विरोध केला. जोडकाम व निगेटिव्हवरील हस्तलेखन ही दोन्ही त्यांना निसर्गाशी केलेली प्रतारणा वाटे. याच सुमारास फर्डिनांड हर्टर व व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड यांनी उद्भासन व थराची घनता यांतील संबंध मोजून १८९० मध्ये तो एका वक्ररेषेने दाखविला. तिच्या पायथ्याशी सावल्या व माथ्याशी प्रखर भाग दबतात, मधल्या सरळ भागात छटा प्रमाणशीर उमटतात. आज संगणकाच्या पडद्यावर छटा बदलण्यासाठी जी वक्ररेषा वरखाली ओढली जाते, तिच्यामागील विचार हाच आहे. विकासनाच्या वेळी छटांचे परस्परसंबंध मनाजोगे बदलता येतात, ही एमर्सन यांची समजूत या संशोधनाने ढासळली आणि त्यांनी छायाचित्रण ही कला असल्याचा आपला दावा मागे घेतला.

आकाशाची मूळ अडचण रसायनशास्त्राने दूर केली. हेरमान व्हिल्हेल्म फोगेल (१८३४–९८) यांनी १८७३ मध्ये योग्य रंजकद्रव्य मिसळल्यास थर इतर रंगांनाही संवेदनशील होतो, हे शोधून काढले. सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा १९०६ मध्ये बाजारात आल्या. पिवळ्या किंवा तांबड्या गाळणीने निळे आकाश गडद करून ढग उठावदार करणे त्यानंतर शक्य झाले. जोडकामाची तांत्रिक गरज बरीचशी संपली, तरी मोह संपला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रकलेचे अनुकरण करणाऱ्या छायाचित्रकारांनी डिंक व रंगद्रव्ये यांचे थर देऊन मूळ प्रतिमा हवी तशी पालटली. एडवर्ड स्टायकन (१८७९–१९७३) यांचे १९०४ मधील चांदण्यातील तळ्याचे चित्र हे या पद्धतीचे विख्यात उदाहरण आहे.

अंधारखोलीतील नियंत्रण : या अनुकरणाविरुद्ध १९३२ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे अँसल ॲडम्स (१९०२–८४), एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदींनी ‘एफ/६४’ हा गट स्थापन केला. अतिसूक्ष्म छिद्रामुळे मिळणारी सर्वदूर स्पष्टता व निर्भेळ छायाचित्रण हा त्यांचा आग्रह होता. परंतु याच गटातील ॲडम्स यांनी निसर्गदृश्यांच्या संस्करणास सर्वांत पद्धतशीर रूप दिले. १९२७ मध्ये योसेमिटीतील हाफ डोम या कड्याचे चित्र घेताना पिवळी गाळणी काढून त्यांनी गडद तांबडी बसविली. त्यामुळे आकाश जवळजवळ काळे झाले व कड्याची भव्यता मनात होती तशी उतरली. चित्र घेण्यापूर्वीच अंतिम छटा मनश्चक्षूंपुढे आणण्याच्या या सवयीतून त्यांनी फ्रेड आर्चर यांच्यासह १९३९–४० मध्ये ‘झोन पद्धती’ रचली. तीत निखळ काळ्यापासून शुभ्रापर्यंत छटांचे शून्य ते दहा असे अकरा विभाग केलेले असतात. दृश्यातील महत्त्वाचा भाग कोणत्या विभागात पडावा हे उद्भासनाने ठरवितात, तर विस्तार दाबणे वा ताणणे हे विकासनाच्या कालावधीने साधतात.

१ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतील एर्नांदेस या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचे त्यांचे चित्र या दृष्टीने अभ्यसनीय आहे. मावळतीचे ऊन दफनभूमीतील क्रुसांवरून सरकत होते आणि प्रकाशमापक हाताशी सापडेना. चंद्राची दीप्ती त्यांना पाठ असल्याने तिच्या आधारे त्यांनी उद्भासन ठरविले. दुसरे चित्र घेण्यापूर्वीच ऊन गेले. या निगेटिव्हमध्ये जमिनीचा भाग इतका विरळ होता की, १९४८ मध्ये त्यांनी रसायनाने तो दाट करून घेतला. सुरुवातीच्या प्रतींत आकाशात ढगांच्या पुष्कळ छटा दिसतात; नंतरच्या दशकांतील प्रतींत ते जवळजवळ काळे होत गेले. छपाईच्या वेळी प्रकाश अडवून एखादा भाग उजळ ठेवणे व अधिक प्रकाश देऊन दुसरा गडद करणे या हस्तकौशल्याचा हा परिणाम होता. ॲडम्स निगेटिव्हला संगीताच्या लिखित रचनेची व मुद्रित प्रतीला तिच्या सादरीकरणाची उपमा देत. सादरीकरण दरवेळी वेगळे होऊ शकते, पण रचना तीच राहते, हा त्यांचा दंडक या उपमेत आहे.

तो दंडकही सर्वत्र टिकला नाही. १९४४ मधील लोन पाइन येथून घेतलेल्या सिएरा नेवाडा पर्वताच्या चित्रात डावीकडील टेकडीवर स्थानिक विद्यार्थ्यांनी पांढऱ्या रंगाने काढलेली गावाची आद्याक्षरे आली होती. ती ॲडम्स यांनी पुसून टाकली व आपण तसे केल्याचे पुढे स्वतः लिहिले. टेकडीवरील अक्षरे ही निसर्गाची विटंबना मानावी, की त्या स्थळाचे वास्तव मानावे, यावर या कृतीचे समर्थन अवलंबून आहे.

अंकीय तंत्राचा उदय : रसेल कर्श यांनी १९५७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत एका छायाचित्राचे १७६ × १७६ बिंदूंत विभाजन करून ते संगणकात भरले. प्रत्येक बिंदूची दीप्ती आकड्याने व्यक्त झाल्यावर गणिती क्रियेने ती बदलता येऊ लागली. कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत १९६४ मध्ये ‘रेंजर ७’ या यानाने पाठविलेल्या चंद्राच्या चित्रांतील दोष संगणकाने दुरुस्त करण्यात आले. तेथे संस्करणाचा हेतू सौंदर्य हा नव्हता. अंधूक प्रतिमेतून माहिती काढणे हा होता. आज सहलीच्या छायाचित्रावर चालणाऱ्या कित्येक क्रिया अशा वैज्ञानिक उपयोगांतून आल्या आहेत.

मुद्रणव्यवसायात १९८० च्या सुमारास महागड्या संगणकीय यंत्रणा आल्या. मिशिगन विद्यापीठात संशोधन करणारे टॉमस नोल व चित्रपटांतील दृश्यपरिणामांचे काम करणारे त्यांचे बंधू जॉन नोल यांनी १९८७ पासून तयार केलेली ‘फोटोशॉप’ ही प्रणाली ॲडोबी कंपनीने फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आणली आणि ही साधने घरगुती संगणकावर आली. १९९४ च्या आवृत्तीत एकावर एक पारदर्शक स्तर ठेवण्याची सोय झाली. २००३ मध्ये कॅमेऱ्यातील असंस्कारित नोंद थेट उघडण्याची व २००७ मध्ये ‘लाइटरूम’ या प्रणालीत मूळ नोंद अबाधित ठेवून केवळ सूचना साठविण्याची पद्धत रूढ झाली. ही असंस्कारित नोंद म्हणजे अंकीय युगातील निगेटिव्ह होय.

संस्करणाचे टप्पे : डोंगरमाथ्यावरून घेतलेले दरीचे धुकट चित्र उदाहरणादाखल घेता येईल. छटांचा आलेख पाहिल्यास सर्व बिंदू मधल्या करड्या भागात गोळा झालेले दिसतात. दोन्ही टोके रिकामी असतात. प्रथम प्रकाशाचा रंग सुधारून निळसर झाक कमी करतात. नंतर सर्वांत गडद भाग काळ्यावर व सर्वांत उजळ भाग पांढऱ्याजवळ नेऊन आलेख ताणतात. जुन्या काळी हेच काम अधिक कठोर प्रतीचा छपाईचा कागद निवडून होत असे. यापुढे वक्ररेषेच्या मधल्या भागाला चढ दिला की, झाडी व खडक एकमेकांपासून सुटे दिसू लागतात.

तिसरा टप्पा स्थानिक सुधारणांचा. आकाशावर क्रमाने विरळ होत जाणारा आवरणपट्टा टाकून ते गडद करतात, तर दरीतील वाट वा वस्ती किंचित उजळतात. यासाठी फोटोशॉपमध्ये जी दोन साधने आहेत, त्यांची चिन्हे काडीवरील चकती व वळलेला हात अशी असून ती अंधारखोलीतील प्रत्यक्ष अवजारांचीच चित्रे आहेत. धुके हटविण्याची क्रिया गणिती आहे. निर्मळ हवेतील दृश्याच्या, आकाश वगळता, बहुतेक लहान भागांत तांबडा, हिरवा व निळा यांपैकी एक तरी घटक अत्यंत कमी असतो, या निरीक्षणावर आधारलेली पद्धत काइमिंग हे व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडली. ज्या भागात तो घटकही वाढलेला आढळतो, तेथे धुक्याचा प्रकाश तेवढा मिसळला असे मानून तो वजा करतात. ‘लाइटरूम’मध्ये धुके हटविण्याची स्वतंत्र सोय २०१५ मध्ये आली. रेखीवपणा वाढविण्याची रूढ पद्धतही मुळात अंधारखोलीतील आहे : निगेटिव्हवर तिचीच अंधूक सम प्रत ठेवून छपाई केली की कडा उठून दिसत.

विस्तार फारच मोठा असेल, तर कमी-अधिक उद्भासनांची अनेक चित्रे एकत्र करतात. पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये त्याची गणिती रीत दिली. ल ग्रे यांच्या दोन निगेटिव्हमागे हीच गरज होती. फरक इतकाच की, येथे सर्व चित्रे एकाच जागेची व बहुधा एकाच वेळची असतात.

ताणण्यालाही मर्यादा आहेत. प्रत्येक रंगासाठी २५६ पायऱ्यांच्या नोंदीत छटा फार ताणल्या, तर आकाशात पट्टे उमटतात. १६,३८४ पायऱ्यांच्या असंस्कारित नोंदीत तो धोका बराच कमी असतो. सावल्या उजळताना कणदारपणा उघडा पडतो, तर कडा अती रेखीव केल्यास डोंगराभोवती पांढरी प्रभावळ दिसते. धुके संपूर्ण काढल्यास दूरच्या व जवळच्या रांगांतील अंतराची जाणीवच नाहीशी होते. कारण डोळा अंतर ओळखतो ते पुष्कळदा धुक्यावरूनच. निष्प्रभतेचे कारण व खोलीचा आधार येथे एकच आहे. म्हणून जाणकार धुके कमी करतात, नाहीसे करीत नाहीत.

सत्यतेचा प्रश्न : निसर्गदृश्य हे केवळ शोभेचे चित्र नसते. विल्यम हेन्री जॅक्सन यांनी १८७१ मध्ये घेतलेल्या यलोस्टोनच्या छायाचित्रांचा १८७२ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान स्थापन होण्यास हातभार लागला. ॲडम्स यांच्या सिएरा नेवाडातील चित्रांचा किंग्ज कॅन्यन उद्यानाच्या (१९४०) मागणीसाठी उपयोग झाला. हिमनद्या किती मागे हटल्या हे दाखविण्यासाठी त्याच जागेवरून पुनःपुन्हा घेतलेली छायाचित्रे वापरतात. अशा ठिकाणी प्रतिमा ही साक्ष असते आणि साक्षीत भर घातली की तिचे मूल्य संपते.

फेब्रुवारी १९८२ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’ या मासिकाने उभ्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून गीझा येथील दोन पिरॅमिड संगणकीय यंत्रणेने एकमेकांजवळ सरकविले. छायाचित्रकार काही पावले बाजूला उभा राहिला असता तर हेच दिसले असते, असे समर्थन संपादकांनी केले. परंतु तो तेथे उभा नव्हता, हाच टीकेचा मुद्दा होता. २०१२ मध्ये ब्रिटनमधील निसर्गदृश्य छायाचित्रांच्या एका प्रमुख स्पर्धेत पहिले आलेले लिंडिसफार्न बेटावरील होड्यांचे चित्र, नियमांत न बसणारे संगणकीय फेरफार आढळल्यामुळे बाद करण्यात आले. २०२० मध्ये फोटोशॉपमध्ये संपूर्ण आकाश आपोआप बदलण्याची सोय झाली, तर २०२३ मध्ये केवळ शब्दांत सांगून डोंगर, तळे वा झाडे निर्माण करण्याची. ल ग्रे यांना आकाश जोडण्यासाठी दुसरे आकाश निदान प्रत्यक्ष पाहावे लागले होते. आता तेही आवश्यक राहिलेले नाही. कौशल्य व कष्ट हे या प्रथेवरील दोन स्वाभाविक निर्बंध होते आणि संगणकाने ते दूर केले.

या परिस्थितीत वापरानुसार भिन्न मर्यादा मानल्या जातात. कलाकृतीत मोठे स्वातंत्र्य असते. वृत्तपत्रीय व वैज्ञानिक चित्रांत सामान्यतः छटा व रंग यांच्या माफक दुरुस्तीपलीकडे जाणे वर्ज्य मानतात. अनेक स्पर्धा अंतिम फेरीत असंस्कारित नोंद मागवून घेतात. प्रतिमेत केव्हा व कोणते बदल झाले याची नोंद तिच्याबरोबरच सुरक्षित ठेवण्यासाठी २०२१ मध्ये काही कंपन्यांनी एकत्र येऊन मानके ठरविण्यास प्रारंभ केला आणि २०२३ मध्ये अशी नोंद स्वतः करणारा पहिला कॅमेरा विक्रीस आला. या नोंदीमुळे एखादे चित्र खरे ठरत नाही. त्यावर काय केले गेले, एवढेच समजते. चित्रातील प्रत्येक छटा मूळ नोंदीतील प्रकाशापर्यंत मागे नेता येते की नाही, ही कसोटी मात्र अंधारखोलीइतकीच संगणकालाही लागू पडते.